पिवळी बंदूक, लाल ठिपका

रोह्याला मी ज्यांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहत होते, त्या काकांनी पहिल्याच दिवशी माझ्या सामानावर लाल ठिपके लावले. बादलीची कडी एका बाजूला झुकते म्हणून एक. चपलांच्या मांडणीचा पाय आखूड म्हणून एक. आईने हौसेने दिलेल्या पिठाच्या डब्याचं झाकण त्यांनी उलटसुलट फिरवून बघितलं आणि म्हणाले, "हे झाकण या डब्याचं नाहीच. रिजेक्ट." लगेच खिशातून इवलीशी बाटली काढली, तिच्या बुचाला लावलेल्या ब्रशने ठिपका लावला आणि जिना उतरून गेले. मी आ वासून बघत राहिले. खालून काकूंचा आवाज आला, "मनावर घेऊ नकोस गं! आमच्या लग्नाच्या फोटोवरसुद्धा आहे."

खरंच होता. फोटोवर नव्हे, फ्रेमवर. कोपऱ्यातला सांधा नीट बसला नाही म्हणून लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी लावलेला.

काका उभा जन्म एका कंपनीत यंत्रांचे सुटे भाग तपासत होते. लाल ठिपका म्हणजे माल भंगारात, हिरवा म्हणजे पास. निवृत्त होताना बाकीच्यांनी शाल-श्रीफळ घेतलं. यांनी ते घेतलंच, वर दोन्ही बाटल्याही घरी आणल्या. लाल बाटली आमच्या डोळ्यांदेखत कितीदा तरी भरली गेली. हिरवीचं झाकण मात्र उघडलेलं मी कधी बघितलं नाही. ती टीव्हीवर देवासारखी बसलेली असायची. काकू एकदा वैतागून म्हणाल्या, "एवढं सगळं नापास करता, मग मला कसं पास केलंत?"

"तेव्हा मी अप्रेंटिस होतो," काका म्हणाले आणि पेपरात डोकं घातलं. त्या पेपराच्या समासालाही ठिपका होता, छपाई तिरकी आल्याबद्दल.

त्यांना घेऊन बाजारात जाणं म्हणजे शिक्षा. एकदा ते दुधी हातात घेऊन डोळ्यांसमोर आडवा धरून बघत होते. बघितला, ठेवला. दुसरा उचलला, बघितला, ठेवला. भाजीवालीने बराच वेळ सहन केलं आणि मग म्हणाली, "तुमाला दुधी पायजे का लाटणं?" मला बघायला एक मुलगा आला होता, तेव्हाही काकांनी त्याला दाराच्या चौकटीशी उभं करून उंची विचारण्याचं निमित्त केलं, आणि तो गेल्यावर जाहीर केलं, "डावा खांदा खाली आहे." मी नकारच देणार होते ती गोष्ट वेगळी, पण माणसाला काही रीत आहे की नाही? मी तसं तोंडावर बोलले, तर म्हणाले, "अगं, माणसाकडं बघायचं नसतं. मालाकडं बघायचं. माल खोटं बोलत नाही. खोटं बोलतो तो विकणारा." हे वाक्य त्यांच्या तोंडून दिवसातून एकदा तरी यायचंच.

मनाजोगता गणपती मिळत नाही, म्हणून काकांच्या घरी कित्येक वर्षं सुपारीवर भागवत होते. काकू बिचाऱ्या हात टेकून बसलेल्या. शेवटी मीच म्हटलं, चला, हमरापूरला माझ्या आत्याकडे. आतेभावाचा, म्हणजे दादाचा, गणपतींचा कारखाना आहे, हवा तो निवडा. काका तयार झाले आणि खिशात व्हर्नियर कॅलिपर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं हत्यार, घालून निघाले. मला वाटलं, धरणीमाता पोटात घेईल तर बरं.

कारखान्यात सगळीकडे मूर्तींची रांग. दहाबारा जण पॉलिश पेपर घेऊन घासत बसलेले, हवेत पांढरी भुकटी, कोपऱ्यात एक बाई डोळ्यांची आखणी करत होती. काकांनी पहिल्याच गणपतीच्या कानाला कॅलिपर लावला. मग दुसऱ्या कानाला.

"देवाचे कान सारखे नाहीत."

दादा अर्धा हात रंगात बुडवून उभा होता. म्हणाला, "काका, तुमचे सारखे हायत काय?"

काकांनी निमूटपणे स्वतःचे कान मोजले. सगळा कारखाना काम थांबवून बघत होता. "नाहीत," ते म्हणाले, आणि पुढच्या मूर्तीकडे वळले. त्या दिवशी रांगच्या रांग नापास झाली. आणि मग त्यांची नजर भिंतीवर गेली.

तिथे आमची बंदूक टांगलेली होती. पिवळीधमक, देवाच्या पितांबराच्या रंगाची. नळीला सोनेरी वर्ख, दस्त्याला मरून किनार, आणि मध्यावर एक सुरेख गुलाबी फूल. खंडेनवमीला कारखान्यात अवजारांची पूजा होते. कोरण्या, ब्रश, रंगाचं मशीन, सगळ्यांना हळदकुंकू. बंदुकीला त्या दिवशी मूर्तींचा उरलेला रंग नव्याने लागायचा, वर्षानुवर्षं, थरावर थर. एका वर्षी ती नखशिखांत मोरपिशी होती. उरलेला रंग वाया घालवायचा नाही, हा आमच्या कारखान्याचा धर्मच.

घाबरू नका, ती सरकारदरबारी नोंदलेली होती आणि नळीत शिसं ओतून कधीच बंद केलेली होती. वाजलीच असती तर फक्त कुणाच्या पायावर पडल्यावर. तरी निवडणूक आली की शिपाई दारात येऊन म्हणायचा, "आजी, तुमची तोफ जमा करा." मग आत्या ती गोणत्यात गुंडाळून रिक्षाने पोलीस ठाण्यात नेऊन द्यायची आणि मतदान झाल्यावर, लेक माहेरी आणावी तशी, परत आणायची.

ती बंदूक माझ्या आजोबांची, म्हणजे आत्याच्या बापसाची. तिची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

आजोबा दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी शेवटी पलटणीत भरती झाले आणि घरी आले ते सगळ्यांत उशिरा. गावातले आणखी दोघे पलटणीत होते, ते आधीच परतले होते आणि ब्रह्मदेशातल्या लढाईच्या गोष्टी सांगून पारावर मान मिळवून बसले होते. आजोबा आले ते ही बंदूक घेऊन, आणि सांगू लागले की मी जपानात होतो. तिथं बर्फ पडतो. आपल्या धरमतरच्या खाडीपासून पार डोंगरापर्यंत सगळं मीठच मीठ झालं असं समजा, घरं मिठाखाली, झाडं मिठाखाली, पण हातात घेतलं की पाणी.

गाव हसून लोळलं. जपान्यांशी लढाई झाली ब्रह्मदेशात. हा जपानात कसा पोचला? जपान्यांनी काय जेवायला बोलावलं होतं? त्या दोघा जुन्या शिपायांना विचारलं, तर ते म्हणाले, "बर्फ कसला रं? जळवा होत्या, जळवा!" झालं. आजोबांचं नाव पडलं बर्फ्या. ते जन्मभर मिठागरात राबले, आणि मिठाचा ढीग दिसला की कुणी ना कुणी ओरडायचंच, "बर्फ्या, बघ, तुजं जपान आलं!" आत्याच्या लग्नात वऱ्हाडातल्या एकाने भर मांडवात विचारलं होतं, आंदणात बर्फाची लादी देणार काय. माझे बाबा, आत्याचे धाकटे भाऊ, हा विषय निघाला की उठून अंगणात जायचे. आजोबा शेवटी शेवटी गप्पच झाले. जाताना बंदूक त्यांनी मुलाला न देता मुलीला दिली, कारण बर्फावर विश्वास ठेवणारी तेवढी एकच होती. म्हणजे ठेवायचा प्रयत्न करणारी. आत्याने मला एकदा सांगितलं होतं, "मनात येतं गो कधी कधी, खोटंच सांगत आसल काय माझा बापूस? मंग मी माझ्याच तोंडात मारून घेतंय."

तर काका त्या बंदुकीपाशी गेले. हात मागे बांधून वरखाली बघितलं. आत्या पुढे आली. भिंतीवरच आजोबांचा गणवेशातला फोटो होता, तो दाखवून तिने सगळी हकीकत सांगितली आणि म्हणाली, "भाऊ, तुमी मोठ्या कंपनीत तपासणीला व्हता म्हणं. ही बंदूक कुठली, ती सांगा. माझा बापूस खरा व्हता का खोटा, येवढं मला मराच्या आधी समजाया पायजे."

काका घरी आले ते पछाडल्यासारखे. फोनवर बंदुकांची चित्रं बघत बसले, भिंगातून. आठवडाभरात त्यांना कळलं की जपानी बंदुकीवर त्यांच्या राजाचं फूल कोरलेलं असतं. शरणागती पत्करल्यावर हत्यारं शत्रूच्या हाती देण्याआधी ते लोक फूल घासून टाकत. राजाची खूण परक्याच्या हाती जाऊ नये म्हणून. मग फूल घासलेलं असेल तर बंदूक शरण आलेली. फूल शाबूत असेल तर लढाईत हिसकावलेली.

पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा हमरापूरला. काका ओटीवर उभे राहून म्हणाले, "ताई, अभिमान बाळगा. फूल शाबूत आहे. तुमच्या वडिलांनी ही बंदूक समोरासमोरच्या लढाईत, ब्रह्मदेशात, शत्रूच्या हातून हिसकावली. शूर माणूस!"

मला तर गहिवरून आलं. दादाने शिट्टी मारली. आत्या मात्र तशीच उभी.

"ब्रह्मदेशात?"

"ब्रह्मदेशातच. लढाई तिथंच होती ना."

"मंग बर्फ?"

काका फोनमधली चित्रं पुन्हा चाळू लागले. आत्या आत गेली आणि चहा घेऊन आली. चहा नेहमीसारखाच होता, पण ती आमच्याशी दिवसभर एक शब्द बोलली नाही. शूर बाप तिला नको होता, खरा हवा होता. येताना गाडीत मी काकांना बरंच काही सुनावलं. वाकणच्या पुढे कुठेतरी ते म्हणाले, "रंग काढायला हवा. रंगावरून शेरा दिला मी."

मग सुरू झाले रविवार. काका सकाळच्या गाडीने पेणला जायचे, सोबत डबा, फडकी, रंग काढायचं औषध. दादाने त्यांना बांबूच्या बारीक कामट्या करून दिल्या. पिवळा गेला, मोरपिशी आला. मोरपिशी गेला, गुलाबी आला. गुलाबीखाली शेंदरी. दादाला मध्येच हुरूप यायचा. ज्या माणसाने लहानपणापासून खडबडीत दिसेल ते घासून गुळगुळीत केलं, त्याचा हात थांबणार कसा? काका पाणी प्यायला उठले तेवढ्यात तो पॉलिश पेपर घेऊन दस्त्यावर बसला.

"हात काढ!" काका असे ओरडले की शेजारचा कामगार हातातल्या सोंडेसकट उठला.

"काका, मस्त फिनिस देतंय. गणपतीसारखी दिसल."

"ती गणपती नाही! जशी जन्मली तशी दिसली पाहिजे. घासलीस तर तिला बोलता येणार नाही."

मी फोनमधलं भाषांतराचं ॲप रंगाखालून डोकावणाऱ्या जपानी अक्षरांवर धरलं. त्याने अर्धवट निघालेल्या रंगाचा अर्थ लावला, 'ताजी मासळी मिळेल.' काकांनी माझ्या फोनवर लाल ठिपका लावला. तो अजून आहे.

आणि एका रविवारी ते फुलापाशी आले. ते फूल त्यांनी राखून ठेवलं होतं. कामटी एका पाकळीखाली अलगद सरकवली, आणि अख्खं फूल पापडासारखं उचलून त्यांच्या तळहातावर आलं.

खाली नुसते ओरखडे. कानशीने आडवेतिडवे ओढलेले, खोल, घाईघाईचे.

"अरं तिच्या!" दादा म्हणाला. "ह्ये तर माझंच काम! मी पोरगा व्हतो तवाचं. तिथं खड्डा व्हता, वंगाळ दिसत व्हता, म्हणून लांबी भरली. मंग नुसतं कसं सोडाचं, म्हणून वर कमळ काढलं. मस्त आलंय ना?"

काका तळहातावरच्या फुलाकडे बघत होते. बोटाने पाकळ्या मोजल्या आणि म्हणाले, "त्यांच्या राजाच्या फुलाला सोळा पाकळ्या असतात. याला आठ आहेत." मग माझ्याकडे वळून, अगदी हळू, "देवाचे कान मोजले मी. पाकळ्या मोजल्या नाहीत. त्या ताईंच्या तोंडाकडं बघत होतो गं. त्यांना बरं वाटावं असं वाटलं."

त्यांनी खिशातून लाल बाटली काढली आणि स्वतःच्या शर्टाच्या खिशावर ठिपका लावला. मी हसणार होते, पण हसू आलं नाही.

मग मात्र ते झपाटल्यासारखे कामाला लागले. फुलाबरोबर दादाने खडबडीत दिसेल तिथे भरलेली लांबी, म्हणजे खाचा बुजवायचा लगदा, सगळीकडूनच निघू लागली, आणि आत जे दिसलं ते बघून काकांचा जीव कासावीस झाला. नळीवर यंत्राच्या पात्याचे वळ तसेच सोडलेले. गोळी भरायला ओढतात ती मूठ नुसती लोखंडी दांडकी, गोल करायचीही तसदी नाही. नेम धरायची पट्टी नाही, त्या जागी एक भोक. दस्त्याच्या टोकाला पोलादी पत्रा असायचा, तिथे लाकडाची फळी खिळ्यांनी ठोकलेली. काका प्रत्येकाला नाव घेऊन शेरा देत होते. "रिजेक्ट. रिजेक्ट. अरे हे काय, रिजेक्ट! हा माल पास कुणी केला? कुठल्या गाढवाने?"

भिंग फिरवता फिरवता ते थांबले. लोखंडावर एक बारीकसा छाप होता. काकांनी तो अंगठ्याने पुसला, पुन्हा बघितला.

"तपासनिसाचा छाप," ते म्हणाले. "माझ्यासारखाच कुणीतरी." त्यांनी भिंग खाली ठेवलं. कारखान्यात नुसती पॉलिश पेपरची खसखस चालू होती. "याला दिसत नव्हतं असं नाही. सगळं दिसत होतं. पोलाद संपलेलं, माणसं संपलेली, शहरं जळत होती. याच्या हातातून लाल बाटली काढून घेतली असणार गं. नुसती हिरवी ठेवली असणार."

त्यांचे डोळे भरले होते. दुधी नापास करणारा हा माणूस एका खडबडीत बंदुकीपाशी बसून रडत होता. मला काय करावं सुचेना, म्हणून मी चहा सांगितला.

चहा पिता पिता त्यांचं डोकं ताळ्यावर आलं आणि अचानक कप तसाच ठेवून ते उठले. "ताईंना बोलवा!"

आत्या हात पुसत आली. काका तिच्यासमोर उभे राहिले, शर्टावर लाल ठिपका घेऊन.

"ताई, मी चुकलो. आधी सांगितलं ते सगळं मागं घेतो. ही बंदूक ब्रह्मदेशातली नाही. असली घाईची, ओबडधोबड बंदूक जपान्यांनी लढाईच्या अगदी शेवटी केली. तेव्हा ती बाहेर पाठवायला त्यांच्याकडं जहाजंसुद्धा धड उरली नव्हती. ही त्यांनी स्वतःचं घर राखायला केली. जपानातच राहिली. आणि हे बघा, फूल घासलेलं आहे. म्हणजे लढाई संपल्यावर, शरण आल्यावर दिली. ब्रह्मदेशातल्या माणसाला ही मिळणं कठीण. ही मिळेल ती लढाई संपल्यावर जपानात जो गेला त्याला. आणि आपल्याकडच्या पलटणी तेव्हा बंदोबस्ताला जपानात गेल्या होत्या. मी वाचून खात्री केली आहे."

आत्याने पदराचं टोक घट्ट धरलं होतं. "मंग बर्फ?"

काकांनी फोन पुढे केला. आपली माणसं जिथे होती त्या बाजूच्या एका खेड्याचा फोटो होता. छपरं अर्धी बुडालेली, रस्ता नाही, कुंपण नाही, डोंगरापर्यंत सगळं पांढरं.

आत्याने फोन दोन्ही हातांत धरला. "ह्ये तर मीठ," ती म्हणाली. "ह्ये तर सगलं मीठच हाय." आणि खाली बसली. "माझा बापूस असंच सांगाचा, असंच. खाडीपासून डोंगरापरेंत. आनि आख्खं गाव त्याला हसलं गो! मेला तवा पन हसत व्हतं." ती मोठ्याने रडायला लागली. दादाही रडला, मीही रडले. मूर्ती घासणारे सगळे हात थांबले.

काका एवढ्या रडण्यात गोंधळून गेले. काय करावं म्हणून त्यांनी दोन्ही खिसे चाचपले, आणि त्यातून हिरवी बाटली निघाली. ती त्यांनी कधी टीव्हीवरून उचलून खिशात घातली होती, मला माहीत नाही. झाकण काही केल्या निघेना. फडक्यात धरून फिरवलं, गरम पाण्यात बुडवलं. शेवटी दादाने पकड आणली. आतला रंग खपलीसारखा सुकला होता, त्यात थिनर घालून ढवळला. काका स्टुलावर चढले, आणि भिंतीवरच्या आजोबांच्या फोटोच्या काचेवर, कपाळाशी, जिथे गंध लावतात तिथे, त्यांनी हिरवा ठिपका लावला.

"ह्ये काय?" आत्याने विचारलं.

"पास," काका म्हणाले.

त्या वर्षी काकांच्या घरी गणपती बसला. कान सारखे नव्हते. काकूंनी विचारलं तर म्हणाले, "चालतात एवढे." पुढे माझी बदली झाली, नंतर काका गेले. बंदूक अजून तिथेच आहे. रंग नाही, लांबी नाही, जवसाचं तेल दिलेली, काळपट, खडबडीत. खंडेनवमीला तिला फक्त कुंकू लागतं. गावात बर्फ्या म्हणायची आता कुणाची छाती नाही, कारण आत्या दिसेल त्याला धरून आणते आणि बंदुकीची दांडकी, भोक, फळी, ओरखडे, सगळं एक एक करून दाखवते, अगदी काकांच्या थाटात.

गेल्या दसऱ्याला मी गेले होते. दादाची नवी सून स्टुलावर चढून फोटो पुसत होती. आजोबांच्या काचेवरचा डाग काही जाईना, म्हणून तिने नखाने खरवडायला बोट उचललं.

"ए गो!" आत्या चुलीपासून ओरडली. "हात लावू नको त्याला! तपासून पास केलेला मानूस हाय तो."

सून घाबरून खाली उतरली, आणि आत्याने तिला हाताला धरून बंदुकीपाशी नेलं.